फुलांखालची पाठमोरी

१

"नीना, ती गेली गं."

फोनवर ईवामावशींचा आवाज इतका बारीक होता की आधी मला नीट ऐकूच आलं नाही. हाईमकाकांचं सुतक नुकतंच संपलं होतं. आता आणखी कुणाचं काय झालं म्हणून मी धसकूनच विचारलं, "कोण गेली, मावशी?"

"जपानच्या फोटोतली बाई. आज फोटोवरची चादर काढली आणि बघते तर तिची जागा मोकळी."

मी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि निघाले. लंडनला, वेम्बलीत आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत, पण त्या दिवशी ते अंतर मला लांब वाटलं. मी आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासण्याचं काम केलं. हरवलेले हार, जळालेली दुकानं, न झालेल्या चोऱ्या. माणसं खोटं कशी बोलतात ते मला कळतं. पण भिंतीवरच्या चित्रातून माणूस निघून गेल्याचा दावा माझ्या टेबलावर कधी आला नव्हता, आणि मावशी खोटं बोलत नाहीत हेही मला माहीत होतं. म्हणजे उरलं एकच, आणि ते मला मनातसुद्धा उच्चारायचं नव्हतं.

ईवा आणि हाईम पेणकर मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. घरात मराठी, शुक्रवारी दिवे, आणि वर्षाला एखादा मलिद्याचा नैवेद्य. हाईमकाका बोटीवर रेडिओ ऑफिसर होते, आणि तरुणपणी योकोहामाहून त्यांनी ते चित्र आणलं होतं. लाकडी ठशांवरून छापलेलं. वसंतात चेरी फुलली की जपानी माणसं झाडाखाली चटया अंथरून खातात-पितात, फुलं बघत बसतात. हानामी म्हणतात त्याला. चित्रात तेच होतं: झाड, चटई, हातात पेले धरलेली माणसं आणि बाजूला नुसतं धुकं. घरात त्याला सगळे 'जपानचा फोटो' म्हणत.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. बाई नव्हती. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मी ती कधी पाहिलीच नव्हती.

"कुठं होती?" मी विचारलं.

मावशींनी धुक्यावर बोट ठेवलं. "इथं. पांढऱ्या कपड्यातली, पाठमोरी. लग्न होऊन आले तेव्हापासून पाहतेय. हाईम म्हणायचा, ही कुणाला तरी न्यायला आलीय, पण तिला घाई नाही." त्यांनी बोट काढून घेतलं. "नेलं की त्याला."

 आता मला आणखी एक गोष्ट दिसली. चटईवरची सगळी माणसं त्या मोकळ्या धुक्याकडेच बघत होती. एकानं तर पेला अर्धवट उचलून धरला होता, कुणी आलं की धरतात तसा. आणि फुलं मला आठवत होती त्यापेक्षा गडद गुलाबी दिसत होती. जणू काका गेल्यावर झाड पुन्हा बहरलं होतं.

"नीनामावशी," मागून आवाज आला. काकांचा पुतण्या कालेब दारात उभा होता. तो एडिनबराला फायनान्समध्ये आहे, अंत्यविधीला आला तो इथंच राहिला होता. त्यानं मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"देअर नेव्हर वॉज अ वुमन," तो म्हणाला. "हे बघ." फोनवर जुने वाढदिवस, जुने पुरिमचे सण, मागे भिंतीवर तेच चित्र. कालेब शाळेच्या गणवेशात आहे, त्या फोटोतसुद्धा धुकं मोकळंच होतं. "मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्याला आहे. माझा घराजवळ एक छान केअर होम आहे. काकी एकटी राहू नाही शकत, मावशी. ती भिंतीशी बोलते."

त्याचे डोळे लाल झालेले होते. मला त्याचा राग आला आणि लगेच रागाची लाजही वाटली.

निघताना मावशींनी माझा हात धरला. "एडिनबराला माझ्याशी मराठीत बोलणारं कोण आहे? आणि एकदा वेडी ठरले की मी काय बोलते ते कोण ऐकणार? बाई नको मिळू दे, नीना. पण ती होती, एवढं कुणीतरी म्हण."

मला म्हणता येईना. मी खोटं नाही बोलत.

२

मी म्हटलं नाही, पण दावा दाखल करून घेतला.

माझी एक जुनी सवय आहे. काय झालं ते मी नंतर विचारते. आधी विचारते, बातमी कळल्याबरोबर तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं. दुसऱ्या वाक्यापासून माणूस सावध होतो.

आणि इथं सोय अशी होती की काका गेल्यापासून मावशी कुणाबद्दल बोलताहेत ते आधी सांगतच नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना तेवढंच सांगितलं होतं: 'ती गेली.' मी जे विचारलं ते मला माहीत होतं. कालेब तेव्हा दुकानात दूध आणायला गेला होता. तो म्हणाला, "मी बोललो, कोण गेला, काकी? आय थॉट समबडी डाइड."

मिखालताई देवळातल्या. आम्ही मराठी माणसं सिनेगॉगला देऊळच म्हणतो आणि त्याही म्हणतात. कुणाकडे मयत झाली की भांडी, चादरी आणि हुकूम घेऊन त्या हजर होतात. मी गेले तेव्हा मावशींच्या ओट्यावर भाताला वाफ काढत होत्या.

"मी म्हटलं, कोण गं? म्हटलं देवा, आता आणखी कुणाची तयारी." त्यांनी झाकण आपटलं. "मग म्हणे फोटोतली बाई. मी गप्प बसले. काय बोलणार?"

"चादर तुम्हीच घातली होती ना फोटोवर?"

"मी?" त्या वळल्या. "मी आरसे झाकते. शिवा म्हणजे आमच्या सुतकाच्या सात दिवसांत माणसानं जमिनीलगत बसायचं, स्वतःचं तोंड बघायचं नाही, म्हणून आरसे. झाडंझुडं कशाला झाकेन? आमच्यात नाही तशी पद्धत."

"मग?"

"आम्ही कब्रस्तानातून परत आलो तेव्हा झाकलेलाच होता. आणि माझ्या चादरी पांढऱ्या. त्याच्यावरची निळी होती. मला वाटलं कालेबनं केलं. हल्लीच्या मुलांना काय माहीत आरसे कुठले नि फोटो कुठले. दुःखाच्या घरात कुठं टोकायचं?"

कालेबला विचारलं तर तो म्हणाला, "मिखाल आंटीनी केला ना?"

सात दिवस प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्यानं झाकलं, आणि चादर मात्र कुणीच घातली नव्हती.

३

अंत्यविधीच्या वेळी घरात कोण होतं, हे कळायला वेळ लागला नाही. यतीन.

यतीन चुरी हे काकांचे जुने मित्र. पेशानं चष्म्याचे डॉक्टर, आता निवृत्त, जवळच पिनरला एकटे राहतात. दर रविवारी पत्ते खेळायला यायचे. माणसं जेवण घेऊन येतील, दार उघडायला कुणीतरी हवं, म्हणून त्या दिवशी ते मागं थांबले होते.

मी पिनरला गेले. त्यांच्या गल्लीत चेरी अशी फुलली होती की फुटपाथ दिसत नव्हता. एरवी मी थांबून बघितलं असतं. त्या दिवशी ती फुलं मला नकोशी झाली आणि मी खाली मान घालून चालले.

यतीनभाऊंनी दार उघडलं आणि मी थबकले. बाहेर लख्ख ऊन होतं, आत पडदे ओढलेले होते. छताचा मोठा दिवा भर दुपारी चालू होता. टेबलावरचा दिवा काढून कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला, त्याची वायर गुंडाळलेली.

"डोळ्यांना उजेड सहन होत नाही हल्ली," ते म्हणाले. चेहरा ओढलेला होता, झोप नसल्यासारखा. मित्र गेला की तसं होतं. मला त्यांची दया आली.

"मावशींनी फोन केला तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? त्या म्हणाल्या, यतीन, ती गेली. मी म्हटलं, असं कसं होईल वहिनी, भिंतीवरच आहे ती, नीट बघा." त्यांनी सुस्कारा टाकला. "मग बाईचं सांगायला लागल्या. नीना, मी दुसऱ्याच दिवशी जाऊन त्यांचे डोळे तपासले. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालंय. नजरेत काही दोष नाही."

"मग?"

"मग दोष नजरेत नसेल तर…" त्यांनी हात पसरले. "कालेबनं विचारलं, तर मला खरं ते सांगावं लागलं."

"फोटोवर चादर कुणी घातली, आठवतंय?"

"घातली असेल कुणीतरी. आपल्याकडे नाही का सुतकात देवघर बंद करत? त्यांच्यात सगळंच झाकतात."

"आणि फोटो कसा आहे हो? चांगला आहे का?"

"मला काय कळतंय त्यातलं? मी चष्मेवाला. जुना फोटो आहे, एवढंच."

मी उठले. दारापाशी येऊन सहज मागं पाहिलं तर ते माझ्याकडे बघत नव्हते. बेडरूमच्या बंद दाराकडे बघत होते, आत कुणीतरी जागं असावं तसे.

४

राहिली कस्तुरी. पुण्याची मुलगी, सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर आलेली. मावशींकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहते. काकांच्या आजारपणात तिनं खूप केलं. ती घरातच होती, त्यामुळे तिला फोन नाही, जिन्याखालून हाक आली होती.

"मला वाटलं मनी गेली, शेजारची मांजर. मी विचारलं, कुठं गेली?" ती लॅपटॉपवरून नजर उचलत नव्हती.

"आणि बाई कधी पाहिलीस का गं चित्रात?"

"नाही."

फार पटकन आलं ते नाही. मी खुर्ची ओढून बसले आणि तिच्याकडे बघत राहिले. कामावर मला यासाठीच पगार मिळायचा.

"नीनाताई, प्लीज," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "मी साइंटिफिक विचाराची आहे हो. मी असलं काही मानत नाही."

"काय मानत नाहीस?"

"मी पाहिली तिला."

खाली मावशी भांडं धूत होत्या, त्याचा आवाज वर येत होता. कस्तुरीनं आवाज आणखी खाली आणला.

"हिवाळ्यात. काका हॉस्पिटलमध्ये होते. मी घरी आले, दमले होते, म्हणून त्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीत टेकले. त्यात कधी कुणी बसत नाही, माहितीये ना? ऊन उतरत होतं. वर बघितलं तर ती उभी. धुक्यात. पाठमोरी. मी दिवा लावायला उठले, लावला, आणि परत बघितलं तर नाही! तिथं कोणीच नाही! त्यानंतर मी त्या खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही."

"आणि हे तू कालेबला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं तर मला पण वेडी म्हणतील. आणि वेडी नाही म्हटलं, तर मग ती खरंच आहे ना!" ती रडायला लागली. "मावशींना ते घेऊन जातील आणि मी गप्प बसलेय. मला झोप येत नाही."

मी तिला जवळ घेतलं.  एका म्हाताऱ्या बाईला भास होऊ शकतो. पण दोघींना सारखाच भास होत नाही.

५

मी खाली आले आणि हाईमकाकांच्या खुर्चीत बसले. भीती वाटली, हे लपवत नाही. ऊन उतरेपर्यंत बसले. खिडकीतून प्रकाश आडवा आला आणि भिंतीला घासत चित्रावर गेला. मी श्वास धरून बघत होते. चटईवरची माणसं धुक्याकडे बघत होती, मीही बघत होते. कुणी आलं नाही.

मावशी दारात उभ्या होत्या. "दिसली?"

"नाही."

त्यांनी माझ्या हातात चहा दिला आणि गेल्या. मला स्वतःचाच संताप आला.

घरी आले तर दाराखालून टपाल सरकवलेलं होतं. नागपूरहून भाच्याच्या लग्नाची पत्रिका. जाड पांढरा कागद, वर सोनेरी अक्षरं. मी ती टेबलावर टाकली आणि कूकर लावायला वळले, तर खिडकीच्या उजेडात पत्रिकेवर गणपती उमटलेला दिसला. हातात घेऊन सरळ धरली, गणपती गायब. तिरकी केली, पुन्हा हजर. शाईचा थेंब नाही, नुसता उठाव! कोऱ्या कागदाला मागून ठसा दाबून काढलेला. आपल्या सगळ्यांच्या घरात असल्या पत्रिका येतात, आपण बोट फिरवतो आणि ठेवून देतो.

मी कूकर तसाच ठेवून धावत सुटले.

लाकडी ठशाची चित्रं करणारे कारागीर एकेका रंगाला एकेक ठसा वापरतात. पण कधी ते एखादा ठसा कोराच दाबतात, रंग न लावता. बर्फ, पांढरं वस्त्र, असलं काही. समोरून बघणाऱ्याला, फोटो काढणाऱ्याला तो दिसणारच नाही. आडव्या उजेडात, त्या एका खुर्चीतून मात्र दिसेल. ती पांढरी बाई आधीपासून तिथंच उभी होती. ज्याला दिसायची त्यालाच दिसायची, एवढंच.

"मावशी, फ्रेम खाली घ्यायची," मी धापा टाकत म्हटलं.

आम्ही मागचा पुठ्ठा काढला. मी डोळे मिटून कागदाच्या पाठीवरून बोटं फिरवली. गुळगुळीत. छापखान्यातून काल आलेल्या कॅलेंडरसारखा गुळगुळीत.

बाई निघून गेली नव्हती. अख्खा कागदच बदलला होता.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना मावशींकडे बोलावलं. कालेब, मिखालताई, कस्तुरी, यतीनभाऊ. मावशी काकांच्या खुर्चीत बसल्या. आभाळ भरून आलं होतं आणि खोलीत दिवा लावायला हवा होता, पण मी लावू दिला नाही.

मी आधी पत्रिकेवरचा गणपती दाखवला, मग कागदाची सपाट पाठ. कालेबनं ती स्वतःच्या बोटांनी तपासली. त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"म्हणजे काकी बरोबर होती?" तो म्हणाला.

"तुझे फोटोही बरोबर होते आणि काकीही बरोबर होती. आणि फुलं का बहरली, तेही ऐक. हाईमकाकांचा कागद इतकी वर्षं उजेडात होता, गुलाबी विटला होता. एकाच ठशांवरून अशी कितीतरी चित्रं छापली जातात. दुसरी एखादी प्रत कुठल्या तरी संग्रहालयात अंधारात जपून ठेवलेली असेल. तिचं चित्र इंटरनेटवर मिळतं, ते कुणीही चांगल्या कागदावर छापून घेईल. रंग ताजा येतो, उठाव येत नाही. ज्यानं हे केलं त्याला बाई माहीतच नव्हती."

"मग मी नाही," कस्तुरी एकदम म्हणाली. "मी पाहिली होती तिला." आणि कालेबकडे वळून तिनं सगळं सांगून टाकलं. मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. 

"चादर कशाला घातली?" मी पुढं बोलले. "कालचा रंग आज आठवतो. सात दिवस झाकून ठेवलं की कुणाला तुलना करता येत नाही. मिखालताई आरसे झाकतात. कालेब देवळात वाढलाय, पण त्याला ठाऊक नसेल असं आपण धरू. मग चादर घालणाऱ्याला असं का वाटलं की या घरात कुणालाच नवल वाटणार नाही? कारण त्याच्या डोक्यात आपलं हिंदूंचं सुतक होतं. देवघर बंद, तसं यांच्यात सगळंच बंद."

यतीनभाऊ हसले. "नीना, एवढ्यावरून?"

"नाही. पहिल्या वाक्यावरून." मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मावशींनी सगळ्यांना सारखंच सांगितलं, ती गेली. मी विचारलं, कोण? कालेबनं विचारलं, कोण? मिखालताईंना मयत वाटली, कस्तुरीला मांजर. तुम्ही एकटेच म्हणालात, भिंतीवरच आहे ती. मावशी, बाईचं तोवर सांगितलं होतंत का तुम्ही?"

"नाही. तो आधीच बोलला," मावशी म्हणाल्या.

"या घरात तो फोटो आहे, यतीनभाऊ. फोटो गेला असता तर मावशी म्हणाल्या असत्या, तो गेला. चित्र म्हटलं असतं तर ते गेलं. ती कोण? प्रिंट. आमच्यासमोर तुम्ही फोटो-फोटो करता, पण मनात ती तुमची प्रिंट आहे. किती वर्षं डोळा होता तिच्यावर?"

 यतीनभाऊ चष्मा काढून पुसायला लागले.

"पत्ते खेळताना मी तिच्यासमोर बसायचो," ते शेवटी म्हणाले. "दर रविवारी. हाईमला किती वेळा म्हटलं, मला दे. तो हसायचा. तो गेल्यावर वहिनी ती कुणाला तरी देऊन टाकतील, कालेब कचऱ्यात टाकेल. मला वाटलं, माझ्याकडे जपून राहील. सात दिवस कपाटात ठेवली, बघायचीसुद्धा हिंमत झाली नाही. फोन आला त्या संध्याकाळी बाहेर काढली. टेबलावरचा दिवा लावला…" 

"आणि तुम्हाला कळलं की मावशी खरं बोलताहेत," मी म्हटलं. मला गप्प बसवेना. चोरी मी आयुष्यभर पाहिली आहे, चोराशी बसून चहाही प्यायले आहे. "ती तुमच्या टेबलावर उभी असताना तुम्ही मावशींचे डोळे तपासलेत. आणि या मुलाला सांगितलंत की डोळ्यांत दोष नाही. लाज नाही वाटली?"

"माझ्यावर विश्वास ठेवला मी," कालेब पुटपुटला. "आय मीन, तुमच्यावर."

मावशींनी हात वर केला. आम्ही सगळे थांबलो.

"पोलिसांचं काय ते कालेब बघेल," त्या म्हणाल्या. आवाज पूर्वीसारखा झाला होता. "यतीन, तू आधी एक काम कर. मी वेडी नाही, हे त्याला तुझ्या तोंडानं सांग. डॉक्टर म्हणून सांग."

यतीनभाऊंनी सांगितलं. आधी पुटपुटत, मग मावशींनी नुसतं बघितल्यावर मोठ्यानं. मिखालताईंनी पदराला डोळे पुसले.

कालेब त्यांना गाडीत घालून पिनरला गेला आणि प्रिंट घेऊन परतला. यतीनभाऊ सोबत होते, पण आत येईनात. मी उंबऱ्यापाशी गेले तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "नीना, वहिनींना ती पाठमोरी दिसायची ना?"

"हो."

"माझ्याकडे पाठमोरी नव्हती."

ते गेले. उठावाच्या कामात असं होतं, उजेड उलट बाजूनं आला की खोल ते उंच दिसतं आणि उंच ते खोल. हे मी कुणालाही समजावून सांगेन. पण पाठीचा चेहरा कसा होतो, हे मला अजून कळलेलं नाही, आणि मी तो दिवा लावून बघणारही नाही.

आत मावशींनी कागदाच्या पाठीवर बोट ठेवलं होतं. एका जागी ते थबकलं, खाली उतरलं, खांद्यासारखं वळलं.  आम्ही प्रिंट फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावली. विटक्या फुलांचं ते झाड बघून मला बरं वाटलं.

मावशी खुर्चीतून उठल्या आणि कालेबला म्हणाल्या, "बस."

तो काकांच्या खुर्चीत बसला. खिडकीबाहेर पाऊस सुरू झाला होता, आडवा सोडाच, सरळ उजेडसुद्धा नव्हता. त्यानं मान इकडून तिकडं केली, डोळे बारीक केले, पुढं वाकला. धुकं मोकळंच होतं.

"दिसते?" मावशींनी विचारलं.

"नाही, काकी." तो तसाच बघत राहिला. मग खिशातून फोन काढून त्यानं अपॉइंटमेंट रद्द करायला क्लिनिकचा नंबर लावला आणि तो वाजत असताना म्हणाला, "पण तू म्हणते ना, मग आहे."